'पल्स्ड पॉवर' म्हणजे स्पंदित ऊर्जा? आणि 'प्रोसीडिंग्ज' म्हणजे कार्यवृत्त?

विचारणा एका वाक्याबद्दल आहे: "प्लाझ्मा व स्पंदित ऊर्जा परिषदेत आमचा पेपर स्वीकारला गेला असून तो परिषदेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध होईल." यातले मराठी शब्द बरोबर आहेत का आणि प्लाझ्माला मराठी शब्द आहे का, असं विचारलंय.

'ऊर्जा' इथे साफ चुकते. मराठी भौतिकशास्त्रात फोर्स म्हणजे बल, एनर्जी म्हणजे ऊर्जा आणि पॉवर म्हणजे शक्ती, ही वाटणी शाळेपासून ठरलेली आहे. बोलताना आपण तिन्हींची सरमिसळ करतो आणि कुणाचं काही अडत नाही. पण पल्स्ड पॉवर म्हणजे साठवलेली ऊर्जा अगदी थोड्या वेळात सोडून प्रचंड शक्ती मिळवण्याचं तंत्र, तेव्हा त्याचं सगळं मर्म ऊर्जा आणि शक्ती यांच्यातल्या फरकातच आहे. २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोव्होल्टपर्यंत चार्ज केला की त्यात १,००० ज्यूल ऊर्जा साठते. ती भरायला १० सेकंद लागले तर सरासरी शक्ती १०० वॉट, म्हणजे पिवळ्या उजेडाच्या जुन्या दिव्याएवढी. तीच ऊर्जा एका मायक्रोसेकंदात बाहेर काढली तर सरासरी शक्ती १ गिगावॉट. ऊर्जा एका ज्यूलनेही वाढली नाही, उलट स्विच आणि तारांमध्ये थोडी गेलीच. वाढली ती शक्ती. तेव्हा नावात शक्तीच हवी.

'स्पंदित'बद्दल माझी तक्रार जरा सौम्य आहे. हा शब्द ऐकला की ठेक्यात धडधडणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. सेकंदाला शेकडो पल्स देणारी यंत्रं असतात, त्यांना तो शोभतो. पण मोठी यंत्रं एकच पल्स देऊन थांबतात. अमेरिकेत अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेतलं झेड मशीन सुमारे २६० लाख अँपिअरपर्यंतचा प्रवाह १०० नॅनोसेकंदांच्या आसपास चढवतं. त्यात मधला भाग उद्ध्वस्त होतो आणि तो साफ करून, पुन्हा जुळवून पुढचा शॉट घ्यायला साधारण दिवस जातो. याला स्पंदन कसं म्हणायचं? 'स्पंद' हे साधं नाम घेतलं की एक आणि अनेक दोन्ही त्यात मावतात, म्हणून 'स्पंदशक्ती' मला बरा वाटतो. तरी वाचकाच्या ओळखीचा 'पल्स्ड पॉवर' एकदा लिहून मगच तो वापरावा. (शॉटला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: बार. सुरुंगाचा उडतो तोच.)

याच विषयातला आणखी एक सापळा म्हणजे 'ब्रेकडाऊन'. मराठीत गाडीचं ब्रेकडाऊन होतं, म्हणून भाषांतरात 'बिघाड' येतो आणि अर्थ उलटा होतो. जर्मन अभियंते एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये मांडलेला जनरेटर पाहा (कार्ल मार्क्सशी याचा संबंध नाही, 'मार्क्सवादी जनरेटर' लिहू नये). त्यात अनेक कपॅसिटर समांतर जोडणीत चार्ज होतात. मग त्यांच्यामधल्या स्पार्क गॅपमधला, म्हणजे ठिणगी पडण्यासाठी ठेवलेल्या फटीतला, वायू फुटतो, तिथून प्रवाह वाहू लागतो आणि तेच कपॅसिटर एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडणीत येतात. ५० किलोव्होल्टच्या दहा पायऱ्या असतील तर कागदावर ५०० किलोव्होल्ट मिळतात, प्रत्यक्षात काहीसे कमी. इथे गॅपचं ब्रेकडाऊन म्हणजे स्विच लागणं. ते झालं नाही तर यंत्र चाललंच नाही! बिघाड म्हणायचा तो वेगळाच. एखादी गॅप हुकूम मिळण्याआधीच फुटली, दर वेळी थोडी मागेपुढे फुटली, किंवा गॅपऐवजी निरोधकाच्या (इन्सुलेटरच्या) पृष्ठभागावरूनच ठिणगी सरपटत गेली, तर तो बिघाड. म्हणून 'गॅप फुटली' आणि 'निरोधक फुटला' असं कर्त्यासकट लिहावं. कोण फुटलं ते कळलं की चांगलं झालं की वाईट, तेही बहुतेकदा कळतं.

'भार' शब्दावरही नजर ठेवा. लोड, चार्ज आणि वजन या तिन्हींसाठी तो फिरत असतो. चार्जसाठी 'प्रभार' आहे, तो वापरावा.

आता प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला (आयनीभूत) वायू. मराठी विश्वकोशाने त्यासाठी 'आयनद्रायू' घडवला आहे: द्रव आणि वायू मिळून द्रायू, म्हणजे वाहणारा पदार्थ, आणि तो आयनांचा. घडण छान आहे, पण शब्द विश्वकोशाबाहेर फारसा पडला नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साच्यातून घडवलेली वस्तू. वैद्यकात तो रक्तातल्या द्रवासाठी आधीच रुळला होता. अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तो आयनीभूत वायूसाठी वापरला. मराठीत रक्ताच्या प्लाझ्माला रक्तद्रव म्हणतात, त्यामुळे इथे नुसतं 'प्लाझ्मा' लिहिलं तरी घोटाळा होत नाही. लिहायचं 'झ्मा', 'ज्मा' नव्हे. विभक्तीची गंमत अशी की कॅमेरा पूर्ण मराठी झाला, 'कॅमेऱ्याने' म्हणतो. सोफाही 'सोफ्यावर' येतो. प्लाझ्मा मात्र अजून पाहुणा, त्याचं 'प्लाझ्म्याचा' कुणी करत नाही.

राहिली परिषद. 'कार्यवृत्त' म्हटलं की सभेत कोण हजर होतं, कोणता ठराव झाला, याची नोंद आठवते. प्रोसीडिंग्जमध्ये असतात शोधनिबंध, म्हणून 'परिषदेचा निबंधसंग्रह' लिहावं. नावांवर विसंबूनही चालत नाही. लँगम्यूर यांचा तो १९२८ चा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आला, आणि ते चक्क नियतकालिक आहे. उलट आयट्रिपलई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेच्या पल्स्ड पॉवर परिषदेच्या (पहिली १९७६ मध्ये, टेक्सासमधल्या लबकला) संग्रहावर 'डायजेस्ट' असं छापलेलं आढळतं, पण आत संक्षेप नसून काही पानांचे पूर्ण निबंध असतात. प्लाझ्मा सायन्सच्या वार्षिक परिषदेच्या, म्हणजे आयकॉप्सच्या, संग्रहात मात्र प्रामुख्याने गोषवारेच. या दोन्ही परिषदा २००१, २००७, २०१३ आणि २०१९ मध्ये एकत्र भरल्या, त्यामुळे गोंधळाला भरपूर वाव आहे. 'ट्रान्झॅक्शन्स ऑन प्लाझ्मा सायन्स' हे १९७३ पासूनचं नियतकालिक; त्याचे 'व्यवहार' करू नका, नाव आहे तसंच ठेवा.

अॅब्स्ट्रॅक्टला 'सारांश'पेक्षा 'गोषवारा' बरा. सारांश आधी लिहिलेल्या मजकुराचा काढतात; परिषदेचा गोषवारा बरेचदा निबंधाच्या कित्येक महिने आधी जातो, तेव्हा निबंधच काय, शेवटची मोजमापंही व्हायची असतात.

म्हणूनच 'पेपर स्वीकारला गेला' हे वाक्यातलं सर्वांत निसरडं विधान. आधी गोषवारा स्वीकारला जातो, आणि भाषण द्यायचं की पोस्टर लावायचं ते ठरतं. पूर्ण निबंध नंतर द्यायचा असतो, त्याचं परीक्षण वेगळं. शिवाय परिषदेला कुणी फिरकलंच नाही, तर तो निबंध पुढे वितरित न करण्याचा अधिकार आयट्रिपलई राखून ठेवते. नियतकालिकाच्या विशेषांकात द्यायचा तर नवी भर घालून आणि आधीच्या निबंधाचा उल्लेख करून पुन्हा पाठवावा लागतो, आणि तिथले परीक्षक पुन्हा नव्याने तपासतात.

गोषवाराच स्वीकारला गेला असेल, तर वाक्य असं करावं: "प्लाझ्मा व पल्स्ड पॉवर (स्पंदशक्ती) परिषदेसाठी आमचा गोषवारा स्वीकारला गेला आहे, पूर्ण निबंध परीक्षणात उतरला, तर तो परिषदेच्या निबंधसंग्रहात येईल."