दारू न घेता बुसानच्या संध्याकाळी

प्रश्न : कंपनीच्या ट्रेनिंगसाठी दहा दिवस दक्षिण कोरियात बुसानला चाललोय. संध्याकाळी सहानंतर मोकळा. मी पीत नाही, मांस-मासे खात नाही. जाऊन आलेले सांगतात, तिथे रात्री बार सोडून काही नाही. मग काय खोलीतच बसायचं? – एक वाचक, चाकण

उत्तर : मुळीच नाही! मिस्टरांच्या नोकरीमुळे मी बुसानला तीन वर्षं राहिले. आम्ही दोघंही घेत नाही, तरी अजून तिथल्या संध्याकाळीच आठवतात.

शनिवारी ग्वांगल्लीचा किनारा चुकवू नका. मेट्रोच्या लाइन २ वर ग्वांगानला उतरलात की दहा मिनिटांची चाल. समोर उजळलेला ग्वांगान पूल आणि वर आकाशात ड्रोनचा खेळ. पहिला खेळ उन्हाळ्यात ८ ला, थंडीत ७ ला. तासभर आधी जाऊन वाळूत जागा धरा, अंथरायला काहीतरी न्या. जवळच्या मिल्लाक वॉटरफ्रंट पार्कमध्ये तर २०२३ पासून दारूबंदीच आहे.

बेसबॉलचा हंगाम असेल तर साजिक स्टेडियमवर लोट्टे जायंट्स या बुसानच्या संघाची मॅच बघाच. (सोमवारी शक्यतो मॅच नसते.) नियम कळले नाहीत तरी अडत नाही, कारण प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं आणि ते अख्खं स्टेडियम उभं राहून म्हणतं. पहिल्या मॅचला शेजारच्या अनोळखी आजींनी माझे दोन्ही हात धरून टाळ्यांचा ठेका शिकवला होता. तो मला आजही येतो.

खायला नांपो-दोंग भागातल्या बिफ चौकात (BIFF, म्हणजे बुसानचा चित्रपट महोत्सव; गोमांस नव्हे!) जा आणि ‘सिआत होत्तोक’ मागा. पिठाचा गोळा तेलात चेपून तळतात, कात्रीने पोट फाडतात, आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया चमचाभर कोंबतात आणि कागदी कपात देतात. आतला गूळचट पाक भाजतो, फुंकून खा. शेजारी काडीला खोचलेल्या घड्या दिसतील, पोळीसारख्या. ते ओमुक, माशाचं असतं.

कोरियन सहकारी जेवायला बोलावतील, तेव्हा जरूर जा. पीत नाही हे आधीच सांगा, पण वडीलधाऱ्यांच्या पेल्यात दोन्ही हातांनी बाटली धरून तुम्ही ओता. हा मान त्यांना फार मोलाचा वाटतो. नंतर नोरेबांगला, म्हणजे गाण्याच्या भाड्याच्या खोलीत नेतील. तिथे लाजू नका, इंग्रजी गाणी भरपूर असतात.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. नेव्हर मॅप (Naver Map) हे नकाशाचं अ‍ॅप इथूनच फोनवर घेऊन ठेवा.