स्ट्रिंग लोअर केली म्हणजे डेटा साफ झाला का?

प्रश्न थोडक्यात असा: सभासदांच्या दोन फाइली पायथनमध्ये वाचतोय, काही नावं रोमनमध्ये, काही मराठीत. नावं जुळत नाहीत. सगळं लोअर करून टाकलं, म्हणजे स्ट्रिंगमधली (मजकुरातली) सगळी रोमन अक्षरं स्मॉल केली, तर चालेल का? आणि छापताना पहिलं अक्षर कॅपिटल कसं करायचं?

नाही चालणार. लोअर केलं की माहिती पुसली जाते, आणि पुसलेली परत येत नाही. "आधी सगळं लोअर मारा, मग बघू" म्हणणाऱ्यांशी माझं हे भांडण जुनं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका संस्थेची जुनी यादी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत) आणायची होती. यादी कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमधली. इकडे ऑफिसातलं हिंदी टायपिंग वर्षानुवर्षं कृतिदेवातच चालत आलंय, त्यामुळे मराठी घरांच्या याद्याही त्यातच. कृतिदेवच्या फाइलीत देवनागरी नसतेच. असतात रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी चेहरा देतो. आणि त्यात स्मॉल-कॅपिटलला अर्थ आहे: स्मॉल डी म्हणजे क, कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. स्मॉल ई म, कॅपिटल ई अर्धा म. स्मॉल झेड म्हणजे 'प्र'मधली खालची रेघ, कॅपिटल झेड म्हणजे रफार.

इम्पोर्टच्या कोडची पहिलीच ओळ होती लोअर(). चाचणीला घेतलेली नावं जोशी, शिंदे, तांबे. तिन्ही अगदी बरोबर आली, कारण कृतिदेवात ती पूर्ण स्मॉल अक्षरांतच लिहिली जातात. मग सगळी यादी चालवली. म्हात्रे झाले महात्रे. कुलकर्णींचा रफार डोक्यावरून उतरून णीच्या पायाशी गेला. 'ग्वाल्हेर' म्हणजे एक्स-ओ-के-वाय-जी-एस-जे, त्यात एक्स आणि वाय कॅपिटल. ते स्मॉल झाल्याबरोबर पत्त्याच्या कॉलमात ओळीमागून ओळ 'गवालहेर'. एरर एकही नाही, कारण पायथनच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. अप्पर केलं असतं तर याहून मजा: काना म्हणजे स्मॉल के, आणि कॅपिटल के म्हणजे ज्ञ.

हे उलटं फिरवता येत नाही. 'महात्रे' मुळात म्हात्रे होते की महात्रेच, हे स्ट्रिंगकडे बघून कळणार नाही. मूळ फाइल ठेवली असेल तरच सुटका.

तेव्हा नियम एकच: साठवलेली स्ट्रिंग हलवायची नाही. तुलनेसाठी वेगळी किल्ली, म्हणजे फक्त जुळवणीपुरती प्रत, बनवा, वेगळ्या कॉलमात ठेवा. पायथनमध्ये क्रम असा: युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ एनएफसी पद्धतीने (तेच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं असेल तर एकसारखं करायला), मग स्ट्रिप() (कडेच्या मोकळ्या जागा काढायला), मग केसफोल्ड() (स्मॉल-कॅपिटलचा फरक मिटवायला). केसफोल्ड ३.३ पासून आहे आणि तुलनेसाठी लोअरपेक्षा तेच बरं. जर्मन एस्त्सेट (ß) या अक्षराचे दोन एस करून ते जुळवतं, लोअर जुळवत नाही. आणि निकाल व्हेरिएबलमध्ये परत घ्या. स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही, नुसतं एस.लोअर() लिहिलं तर हाती काही लागत नाही.

आता तुमची मराठी नावं. देवनागरीत कॅपिटल नाहीच, त्यामुळे लोअर किंवा केसफोल्डने तिथे काहीच होणार नाही. न जुळण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. 'कऱ्हाडे' दोन प्रकारे टाइप होतं: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत वेगळे, आणि नॉर्मलाइझही त्यांना एक करत नाही. किल्ली बनवताना र, हलन्त, जॉइनर हे तिन्ही ओळीने आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त असं स्वतःच बदलावं लागतं.

कॅपिटलचं म्हणाल, तर कॅपिटलाइझ() पहिलं अक्षर मोठं करतं आणि बाकी सगळी लहान. गाडीचा नंबर एमपी०७ ने सुरू होत असेल तर पी स्मॉल झालेला मिळेल. टायटल() अ‍ॅपॉस्ट्रॉफीनंतरचा एससुद्धा कॅपिटल करतं. वेबवर दाखवायचं असेल तर सीएसएसचं टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म वापरा, डेटा जसाच्या तसा राहतो. आणि अक्षराच्या कोडचा ३२ शी एक्सऑर (बिट उलटवणारी क्रिया) करून स्मॉल-कॅपिटल पालटण्याची सी भाषेतली चलाखी कुणी शिकवली असेल तर विसरा: स्पेसचा कोडच ३२, तिचं शून्य होतं आणि स्ट्रिंग तिथेच संपते.

ईमेल, युजरनेम यांना मात्र लोअर करून ठेवलं तरी व्यवहारात अडत नाही, हे मान्य. जावात करत असाल तर लोकेल (भाषा-देशाचं सेटिंग) रूट द्या, नाहीतर तुर्की सेटिंगच्या मशीनवर कॅपिटल आयचा बिनठिपक्याचा आय होतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये शोधताना वेअरच्या आत लोअर() लिहिलंत तर त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही. इंडेक्सही लोअर()वरच बनवावा लागतो.

हे सगळं करण्याआधी एका मराठी नावाच्या पहिल्या अक्षराचा ऑर्ड(), म्हणजे त्याचा कोड क्रमांक, छापून बघा. २३०४ ते २४३१ च्या मधला आकडा आला तर युनिकोड देवनागरी. शंभरच्या आसपास आला आणि एक्सेलमध्ये तरी मराठी दिसत असेल, तर तो कृतिदेव किंवा त्याचाच कुणी भाऊबंद. आधी युनिकोडात नेणारा कन्व्हर्टर चालवा, तोवर लोअरला हात लावू नका.