रेघ कुठे मारायची

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नगर परिषदेला उभं राहायचं तुझ्या मनात आहे आणि तुझ्या बाबांना वाटतंय की धंदेवाला राजकारणात पडला की धंदाही जातो आणि नावही. त्यांची काळजी खोटी नाही. पण 'व्यापारी माणसाचं तिथे काय काम?' असं तू विचारलंस, त्यावर मला सॅम्युअल प्लिमसोलबद्दल सांगायचंय. नोकरीतली सगळी वर्षं मी ज्याची खूण जहाजांच्या कुशीवर पाहत आलो, तो हा माणूस.

जन्म १८२४ चा, इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. शेफील्डमध्ये एका ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, कारकून म्हणून लागला आणि मॅनेजर झाला. १८५३ मध्ये लंडनला कोळशाचा व्यापार करायला गेला आणि पार बुडाला. आठवड्याला ७ शिलिंग साडेनऊ पेन्सांत भागवत तो मजुरांच्या स्वस्त निवाऱ्यात राहिला. हातात काम नसलेल्या शेजाऱ्याला आपल्या ताटातलं देणारी माणसं त्याने तिथे पाहिली, आणि पुढे त्यांच्याबद्दल फार आदराने लिहिलं. नंतर तो सावरला, कोळशातच पैसा मिळवला. १८६८ मध्ये डर्बीतून लिबरल पक्षाचा खासदार झाला.

आता मूळ गोष्ट. न्यूकॅसलकडचा कोळसा लंडनला यायचा तो बराचसा समुद्राने, आणि त्यासाठी जुनी, कुजकी जहाजंसुद्धा वापरली जात. माल भरल्यावर जहाजाचा जेवढा भाग पाण्यावर उरतो तो फ्रीबोर्ड. तो जितका कमी, तितकी लाट डेकवर लवकर चढते. मालकाचा हिशोब साधा होता: माल जास्त भरला तर भाडं जास्त, आणि जहाज बुडालंच तर विमा आहे. काही जहाजांचा विमा तर त्यांच्या किमतीहून जास्त असे. लोक त्यांना शवपेट्याच म्हणत. करारावर सही केलेल्या खलाशाने जहाजाची अवस्था पाहून चढायला नकार दिला, तर तुरुंगात जायचा तो खलाशी. ही गोष्ट वाचताना मला अजूनही संताप येतो.

जहाजावर रेघ मारावी, त्याखाली ते बसू देऊ नये, ही कल्पना प्लिमसोलची नव्हे. न्यूकॅसलच्या टाइन नदीकाठचा जेम्स हॉल हा जहाजमालक आधीपासून त्यासाठी धडपडत होता. म्हणजे जहाजधंद्यातलाच माणूस. प्लिमसोलने त्याचं म्हणणं उचललं आणि संसदेत नेलं. तूही दुसऱ्याचं चांगलं म्हणणं पुढे नेलंस तर त्यात कमीपणा नाही, फक्त त्याचं नाव घे.

१८७३ मध्ये त्याने 'अवर सीमेन' (आपले खलाशी) हे पुस्तक काढलं. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं लिहिलेलं, आणि कागदपत्रांच्या हुबेहूब प्रती छापलेल्या. देशभर खळबळ उडाली, चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. पण त्याच्यावर बदनामीचे खटलेही झाले. एखाद्यावर बोट ठेवायचं तर हातातला कागद तीनदा तपासलेला हवा. आपली बाजू न्यायाची आहे, एवढ्याने पुरावा तयार होत नाही. आणि खटले लढायला पैसे लागतात. म्हणून धंदा सोडू नकोस. ज्याची चूल पक्षाच्या भरवशावर पेटते त्याला नको तिथे गप्प बसावं लागतं. मात्र नगर परिषदेच्या कुठल्याही ठेक्यात तुझी एकही कंटेनरची गाडी लागता कामा नये. अशा हितसंबंधामुळे नगरसेवकपद जाऊ शकतं, हे कायद्यातच आहे.

२२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांबाबतचं विधेयक मागे ठेवत असल्याचं सांगितलं, तेव्हा प्लिमसोलचा तोल गेला. त्याने सदस्यांना बदमाश म्हटलं, सभापतींसमोर मूठ उगारली. आठवड्याभराने त्याने माफी मागितली. पण तोवर बाहेर लोक इतके खवळले होते की सरकारला त्याच अधिवेशनात तात्पुरता कायदा आणावा लागला आणि १८७६ मध्ये पक्का. आजकाल अशा प्रसंगांची लगेच रील होते, म्हणून तुला मुद्दाम सांगतो, त्या मुठीमागे सात वर्षांचं काम होतं. १८७१ मध्ये त्याचा स्वतःचा प्रयत्न फसला होता, तरी तो तोच विषय धरून बसला.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यांत नीट वाच. १८७६ च्या कायद्याने रेघ सक्तीची झाली, पण ती कुठे मारायची हे मालकानेच ठरवायचं होतं! कार्डिफच्या एका मालकाने ती धुराड्यावर मारली असं सांगतात. कायदा झाला, जयजयकार झाला, आणि जहाजं पूर्वीसारखीच भरली जाऊ शकत होती. रेघेची जागा कायद्याने बांधली गेली १८९० मध्ये. मधली चौदा वर्षं गेली.

त्यात १८८० ला प्लिमसोल मोठ्या मताधिक्याने निवडून आला आणि त्याने आपली जागा गृहमंत्री विल्यम हारकोर्ट यांच्यासाठी सोडली. मंत्र्याच्या हातून खलाशांचं काम लवकर होईल, अशी त्याची आशा. मन मोठं खरं, पण माझ्या मते ही त्याची मोठी चूक. मंत्र्याला शंभर कामं असतात. १८८५ ला शेफील्डमधून पुन्हा उभा राहिला तर हरला. पुढे खलाशांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, गुरं वाहून नेणाऱ्या बोटींवरच्या हालांबद्दल लिहिलं. १८९८ मध्ये फोकस्टनला वारला. १९३० मध्ये लोडलाइनचा, म्हणजे या रेघेचा, आंतरराष्ट्रीय करार झाला.

गोदीत कधी ती खूण जवळून बघ. जहाजाच्या मध्यावर एक वर्तुळ, त्यातून आडवी रेघ, शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा आणि अक्षरं. 'टी' उष्ण कटिबंधासाठी, 'एस' उन्हाळी, 'डब्ल्यू' हिवाळी, आणि सगळ्यांत खाली 'डब्ल्यूएनए', उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी. सगळ्यांत वर 'टीएफ', उष्ण भागातल्या गोड्या पाण्याची, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बसतं. आपल्या अरबी समुद्रात एरवी 'टी'पर्यंत भरता येतं, पावसाळ्याच्या महिन्यांत 'एस'वर थांबावं लागतं. त्या बोटभर फरकासाठी कार्गोवाले किती अजीजी करतात, ते मी जहाजं तपासणारा सर्व्हेअर म्हणून पाहिलंय. आणि रेघ पाण्याखाली गेलेली असेल तर कुणाचंही ऐकायचं नसतं. आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश आगबोटींवर राबले. अशा रेघेवर त्यांचेही जीव टांगलेले होते.

तुझ्या कंटेनरच्या गाड्या आहेत. बंदराबाहेरच्या रांगेत ड्रायव्हर तासन्‌तास कसे अडकतात, त्यांना प्यायचं पाणी आणि संडास कुठे मिळतो, वजनाच्या पावतीत कोण काय करतं, हे तुझ्याइतकं सभागृहात दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल? रस्ते, गटारं, दिवे यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तू हा एक विषय घे. ठराव झाला की थांबू नकोस. संडास कुठल्या सर्व्हे नंबरवर बांधायचा, तो साफ कोण करणार, पैसे कुठल्या खात्यातून येणार, हे त्या ठरावातच लिहून घे.

पुढच्या रविवारी ये. येताना तुझ्या दोन-तीन जुन्या ड्रायव्हरांना घेऊन ये, आणि गेल्या महिन्यातल्या त्यांच्या गेटपासच्या वेळा कागदावर उतरवून आण. नगर परिषदेचे पार्किंगबद्दलचे जुने ठराव मिळाले तर तेही. उमेदवारी अर्जाचं आपण ते सगळं वाचून झाल्यावर बोलू.

तुझा,
काका