अलास्का-क्लोंडाइकचे जुने फोटो: कुठून सुरुवात कराल?

स्वागत! सगळं एकदम उपसू नका. आधी क्लोंडाइककडे, म्हणजे कॅनडातल्या युकॉन भागाकडे, 1897-98 मध्ये उडालेली सोन्यासाठीची झुंबडच घ्या. नवखे हमखास तिकडे जाणाऱ्या वाटांवरच्या दोन खिंडींत गल्लत करतात: चिलकूट आणि व्हाइट पास. बर्फात खोदलेल्या पायऱ्या आणि त्यांवर ओझी वाहणाऱ्या माणसांची सलग काळी रांग दिसली, की चिलकूट. लादलेले घोडे दिसले, तर व्हाइट पास आहे का तपासा.

फोटोवरचं नाव म्हणजे तो काढणाराच, असं धरू नका. काचेच्या निगेटिव्ह हातोहात फिरायच्या. त्या झुंबडीचे फोटो काढणाऱ्या एरिक हेगचे फोटो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ते निवांत बघा. नजर तिथेच बसते.

अलास्कातल्या 1964 च्या भूकंपाच्या फोटोंना आजचा नकाशा लावू नका. तिथलं व्हॅल्डीझ गाव त्यानंतर दुसरीकडे वसवलंय. विकत घ्यायचं वगैरे नंतर बोलू.