गॅसच्या वीज केंद्राला उन्हाची जोड

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सर, आमच्याकडं उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही एवढं ऊन. गॅसवर वाफ करून वीज काढणारी जी केंद्रं आधीच उभी आहेत त्यांना आरशांनी ही उष्णता जोडता येते असं पोरगं म्हणू लालंय. खरंय का, अन् मग रात्री काय? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : दादा, पोरगं बरोबर बोलतंय. उन्हाळ्यात दिवसभर अंगणात ठेवलेली पाण्याची बादली संध्याकाळी बंबात ओतली की दोन लाकडं कमी लागतात, हे पण तसंच. केंद्रात बॉयलरला गार पाणी कधीच सोडत नाहीत, टर्बाइनमधली (वाफेच्या जोरावर फिरून वीज करणारं चाक) थोडी वाफ मधूनच काढून त्यावर फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला द्यायचं पाणी, तापवतात, आणि ती वाफ शेवटपर्यंत गेली असती तर तिनं अजून वीज केली असती ना! ते पाणी आरशांनी तापवलं की वाफ टर्बाइनमध्येच राहते, म्हणजे तेवढ्याच गॅसमध्ये जास्त वीज.

दुसरी पद्धत जास्त वापरली गेली. गॅस टर्बाइन, म्हणजे गॅस जाळून त्याच्या धुरावरच फिरणारं चाक, त्याच्या गरम धुरावर वाफ करणारी जी केंद्रं असतात तिथं शेजारी पन्हळीसारखे वाकवलेले आरसे लावतात, मधल्या नळीतलं तेल ३९० अंशांच्या आसपास तापतं, त्यावर झालेली वाफ त्या धुरानं अजून तापवून वाफेच्या टर्बाइनला देतात. टर्बाइन, जनरेटर, कंडेन्सर (वाफेचं परत पाणी करणारं यंत्र), तारा सगळं आधीचंच, नवे फक्त आरसे आणि नळ्या. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कडक दुपारी हवा विरळ होते म्हणून गॅस टर्बाइनची वीज घटते, आणि नेमकं तेव्हाच आरशांची उष्णता भरात असते.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मार्टिन केंद्राला २०१० मध्ये असे ७५ मेगावॅटचे आरसे जोडले, जागा लागली सुमारे ५०० एकर. म्हणजे जमीन हा मोठा खर्च. मोरोक्कोत ऐन बेनी मतहरला ४७२ मेगावॅटमध्ये उन्हाचे फक्त २०, इजिप्तच्या कुरायमातला १४० मध्ये २०. वाटा एवढा कमी का, तर तुम्ही विचारलेल्या रात्रीमुळेच. रात्री आरसे काहीच देत नाहीत, केंद्र नुसत्या गॅसवर चालतं, आणि उन्हाची जास्तीची वाफ धरून वाफेचं टर्बाइन मोठं घेतलं असेल तर ते रात्रभर अर्धपोटी चालतं आणि गॅसचा पुरता उपयोग होत नाही. म्हणून हे गॅस वाचवायचं साधन आहे, गॅस बंद करायचं नाही.

प्रश्न : मग मराठवाड्यात हे होईल का? आमची छोटी डेअरी आहे, बॉयलर डिझेलवर आहे. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, वीज केंद्राला जोडायचं म्हटलं तर मला अवघड वाटतं. राज्यातली गॅसची मोठी केंद्रं उरण आणि दाभोळला, आपलं परळी कोळशावर, आणि ते २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं हे तुम्हाला सांगायला नको. आरसे धुवायला पाणी लागतं, आपल्याकडं धूळ किती ते तुम्ही बघताच, आणि या आरशांना सरळ ऊनच लागतं, आषाढातल्या ढगाळ उजेडावर ते चालत नाहीत.

पण तुमच्या डेअरीला जमेल! दूध पाश्चराइज करायला, म्हणजे तापवून जंतू मारायला, ७२ अंश, तिथं वीज नाही तर नुसती उष्णता पाहिजे. आपल्या लातूरच्याच महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या मदतीनं तयार झालेली 'अरुण' नावाची १६० चौरस मीटरची आरशांची थाळी लावली होती, सूर्याकडं तोंड करून फिरणारी, त्यावरच दूध तापवायचे. तुम्हाला एकदम एवढं मोठं नको. फीड वॉटर साधारण ६ अंशांनी गरम केलं की इंधन १ टक्क्याच्या आसपास वाचतं, आणि त्यासाठी छपरावरचे साधे सोलर हीटर पण पुरतात, पाणी ३० वरून ६० अंशांवर नेलं तर हिशोब तुम्हीच करा. बॉयलरवाल्याला सांगा, आठवडाभर सकाळ-दुपार फीडच्या टाकीत थर्मामीटर सोडून आकडा लिहून ठेव, आणि किती डिझेल गेलं ते पण शेजारी लिही. तो कागद हातात असला की कोटेशन देणाऱ्याशी नीट बोलता येतं.