मागचा खेळाडू पुढे गेला तर?

वाचकांचे प्रश्न

मुलांच्या आइस हॉकीबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच मुलाबद्दल असावीत असं वाटलं: डिफेन्सला, म्हणजे मागच्या बचावफळीत खेळतो, पण गोल करतो, त्याचं काय होणार? उत्तरं देणारे गृहस्थ मूळचे सांगलीचे, आता ऑन्टारियोत स्थायिक. नोकरी सांभाळून एका ज्युनियर संघासाठी स्काउटिंग करतात, म्हणजे होतकरू मुलं हेरतात. नाव छापू नका म्हणाले. ‘छापलंत की पुढच्या रविवारपासून रिंकवर माझ्यासाठी डबे यायला लागतील.’

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, अंडर-१६च्या ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या श्रेणीत डिफेन्समन. संघात सगळ्यात जास्त पॉइंट्स (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, मिळून) त्याचे. तरी प्रशिक्षक ‘मागे राहा’ म्हणून ओरडतात, आणि स्काउट येतात, बघतात, न बोलता निघून जातात. त्यांना नक्की हवंय तरी काय?
(एक वडील, मिसिसागा)

पॉइंट्स मी बघतो, खोटं कशाला बोलू. पण घरी बसून, कुठल्या रिंकवर जायचं ते ठरवताना. तिथे पोचल्यावर त्या आकड्यांचं काम संपतं. पंधराव्या वर्षी ज्याचे पाय इतरांपेक्षा दणकट, तो आपल्याच गोलमागून पक (रबरी चकती) घेऊन निघतो, चौघांना चुकवतो आणि गोल करतो. आईवडील काचेवर हात आपटतात. मी तेव्हा कागदावर काही लिहीत नाही. ओएचएलमध्ये, म्हणजे ऑन्टारियोच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये, सोळापासून वीस वर्षांपर्यंतची मुलं असतात, तिथे ही वाट बंद असते. वाट बंद झाल्यावर हा काय करतो, ते मला बघायचं असतं.

म्हणून मी गोलमागच्या कोपऱ्यात वरच्या बाकावर बसतो. पालकांपासून लांब राहता येतं हे एक, आणि माझ्या कामाचं सगळं तिथूनच दिसतं हे दुसरं. विरोधी संघ पक तुमच्या मुलाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात टाकतो. हा वळून त्याच्यामागे पळतो, एक फॉरवर्ड त्याच्या पाठीवर धावून येतोय. पकपाशी पोचेपर्यंत याने किती वेळा मान वळवली? तयारीचा मुलगा दोनदा वळवतो, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. पकला स्टिक लागायच्या आधीच त्याचं ठरलेलं असतं: डावीकडची हूल द्यायची, उजवीकडे वळायचं, विंगरला (कडेच्या फॉरवर्डला) पास द्यायचा. तो पासही स्टिकवर, स्केट्समध्ये नाही; विंगरला वेग न मोडता घेता आला पाहिजे. दोन-तीन सेकंदांत हे सगळं उरकतं आणि गोलफलकावर त्याची कुठेच नोंद होत नाही. पण आक्रमक डिफेन्समनचं आक्रमण सुरू होतं ते इथे. ज्याने मान वळवलीच नाही, तो घाईने पक काचेवर मारून बाहेर काढतो. कधीकधी तेच बरोबर असतं. सामनाभर तेच चाललं असेल तर मी कॉफी आणायला उठतो, पॉइंट्स कितीही असोत.

असा मुलगा चुका करणारच. त्या मोजण्यात अर्थ नाही, त्या कुठल्या जातीच्या आहेत ते बघावं. मधून पास द्यायला गेला, जागा खरोखर होती, पण पास अर्धा फूट मागे पडला. ही चूक मला चालते, हात सुधारतो. न बघता मधून पास मारला, ही चालत नाही. ब्लू लाइन (विरोधी हद्दीची रेष) सोडून पुढे घुसला, तेव्हा आपली जागा धरायला एक फॉरवर्ड मागे आलाय हे त्याने पाहिलं होतं का? पाहिलं होतं आणि तरी गोल खाल्ला, तर तो खेळाचा भाग. पाहिलंच नव्हतं आणि नशिबाने गोल झाला नाही, तरी माझ्या कागदावर ती चूक लागते. पक गमावल्यावरची पहिली तीन पावलंही मी बघतो. काही मुलं रेफरीकडे हात पसरून उभी राहतात. तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड निम्मं रिंक पार करून गेलेला असतो.

पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, बहुतेक पालक शॉटचा जोर बघतात. जोर राहू द्या बाजूला. समोर वाट अडवणारा उभा असताना हा ब्लू लाइनवर आडवा सरकून नवी वाट काढतो का? मान वर असते का? शॉट पहिल्याच खेळाडूच्या नडगीवर आपटला की पक उलटा धावत सुटतो आणि तुमच्या मुलाच्या मागे कोणीच नसतं. हळू मारला तरी चालेल, जाळ्यापर्यंत पोचला पाहिजे.

शिवाय शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी. पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास बाकावर यावं. पॉइंट्सची चटक लागलेला मुलगा मिनिट उलटून गेलं तरी बर्फावरच घोटाळतो, आणि परत यायची वेळ येते तेव्हा पाय संपलेले असतात. तुमच्या प्रशिक्षकांची ओरड बहुधा यासाठीच असेल. यष्टिरक्षक शतकं ठोकतो म्हणून निवड समितीने त्याचे फिरकीवरचे हात बघायचे सोडावेत, असं आपण कधी म्हणतो का? प्रशिक्षकांना एकदा शांतपणे विचारा, मुलाच्या देखत नको: ‘जाऊच नको म्हणता, की आत्ता जाऊ नको म्हणता?’ उत्तर पहिलं असेल तर पुढच्या हंगामात दुसरा संघ बघा. पुढे जाण्याची हिंमत एकदा मोडली की ती परत आणणं फार कठीण, निर्णय शिकवणं त्या मानाने सोपं.

पहाटे साडेपाचला उठून फोनवर एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) बघणारा मी पुण्यातला बहुधा एकटाच असेन. संघ पाळीपाळीने नवी मुलं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये डिफेन्समन लेन हटसन ६२वा निवडला गेला, ॲडम फॉक्स ६६वा. तुमचे स्काउट झोपले होते का?
(एक वाचक, कोथरूड)

झोपले नव्हते, भ्याले होते. फॉरवर्ड फसला तर चौथ्या फळीत कुठेतरी लपवता येतो. छोटा, पुढे पळणारा डिफेन्समन फसला की ते दर सामन्याला गोलफलकावर दिसतं, आणि मालक विचारतो, याला कोणी निवडलं? त्यामुळे दोन मुलं साधारण सारखी वाटली की बहुतेक संघ उंच मुलावर बोट ठेवतात.

हटसनची गोष्ट तर गमतीची आहे. २०२२च्या ड्राफ्टआधी त्याची उंची पाच फूट आठ इंचांच्या आसपास. अजून वाढ बाकी आहे असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र घेऊन तो संघांना भेटला. तरी दुसऱ्या फेरीच्या शेवटाला मॉन्ट्रियलने घेतला. बोस्टन युनिव्हर्सिटीत दोन वर्षं खेळला, आणि २०२४-२५च्या पहिल्याच पूर्ण हंगामात ६० असिस्ट. नवख्या डिफेन्समनसाठी लॅरी मर्फीचा १९८०-८१चा विक्रम होता, त्याची बरोबरी झाली. सर्वोत्तम नवख्या खेळाडूची त्या वर्षीची काल्डर ट्रॉफी त्याचीच.

फॉक्सचं वेगळं. उंचीबद्दल कुरकुर होतीच, पण डोळ्यांत भरेल असा वेगही त्याच्याकडे नाही. त्याचा सगळा खेळ डोक्यात. आपला पास अडवायला कोण कुठून येणार हे त्याला आधी कळतं. एका सामन्यात बसून हे दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्यात दिसायला लागतं. कॅलगरीने २०१६मध्ये निवडला, तो हार्वर्डला गेला, अदलाबदलीत हक्क कॅरोलायनाकडे आणि मग न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेले, आणि २०२१मध्ये तो सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेऊन बसला. निकलास लिडस्ट्रमही १९८९मध्ये ५३वा होता आणि त्याने नॉरिस सात वेळा जिंकली, तेव्हा ही खोड जुनी आहे.

स्काउटांची बाजूही सांगतो. २००५पर्यंत अडवाअडवी, स्टिक घालून ओढणं बरंच खपून जायचं आणि मधली लाल रेष ओलांडून लांबचा पास देता येत नव्हता. त्या खेळात छोटा डिफेन्समन खरोखरच भरडला जायचा. मालकांच्या टाळेबंदीच्या वर्षानंतर नियम बदलले, पास लांब झाले, पाय आणि नजर यांची किंमत वाढली. डोळ्यांची सवय मात्र लगेच बदलत नाही. ओटावाने २००८मध्ये एरिक कार्लसनसाठी तीन जागा वर चढून १५व्या क्रमांकावर त्याला घेतलं, तेव्हा तो इतका काटकुळा होता की हा टिकेल का असं लोक उघड विचारत होते. २०२२-२३मध्ये सॅन होजेकडून त्याने १०१ पॉइंट्स केले. त्याआधी शंभरी गाठलेला डिफेन्समन म्हणजे १९९१-९२चा ब्रायन लीच.

आणि डिफेन्समन केल मकारला विसरू नका. अल्बर्टातल्या ब्रुक्स या लहानशा गावात, दुसऱ्या फळीच्या ज्युनियर लीगमध्ये खेळणारा मुलगा कोलोरॅडोने २०१७मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतला. ‘समोर होतं कोण?’ हा आक्षेप तेव्हा होताच. मला विचाराल तर कच्च्या लीगमधला मुलगा बघताना पॉइंट्स झाकून ठेवावेत आणि वर मिसिसागाच्या गृहस्थांना सांगितल्या तेवढ्याच सवयी बघाव्यात. मान वळवायची सवय समोर कोण आहे यावर अवलंबून नसते.

एका सामन्याला आलेले सगळे स्काउट विरोधी संघातल्या दोन मुलांसाठी आले होते, असं कळलं. मग आमच्या मुलाचा दिवस फुकटच गेला ना?
(एक आजोबा, वॉटरलू)

आजोबा, १९६१मध्ये बोस्टन ब्रुइन्सची माणसं ऑन्टारियोतल्या गॅनॅनॉक्वे गावी दोन मुलांना बघायला गेली होती. त्यांची नजर खिळली ती पॅरी साउंडहून आलेल्या समोरच्या संघातल्या एका किरकोळ पोरावर. वय बारा-तेरा, नाव बॉबी ऑर. वर्षभराने, चौदाव्या वर्षी, ब्रुइन्सने त्याला करारात बांधून घेतलं. तेव्हा असं करता येत असे. १९७०मध्ये तो १२० पॉइंट्स करून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. त्याआधी कुठल्याच डिफेन्समनला हे जमलं नव्हतं. आम्ही ज्याच्यासाठी येतो तो बाकावर गेला की आमची नजर मोकळीच असते.

मुलाला ओएचएलमध्ये पाठवावं की अमेरिकन कॉलेजच्या वाटेने? एकदा ओएचएल खेळला की कॉलेज बंद, असं सगळे सांगतात.
(एक आई, ब्रॅम्प्टन)

ताई, सगळे जुनं सांगतायत. पूर्वी तसंच होतं; मकार ब्रुक्सच्या त्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळला त्यामागे कॉलेजचा दरवाजा उघडा ठेवणं हेही कारण होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये एनसीएएने (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५पासून ओएचएलसारख्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेली मुलंही पहिल्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत खेळू शकतात. पंधराव्या वर्षी घरात होणारी मोठी भांडणं त्यामुळे कमी व्हायला हरकत नाही.

तरी फरक आहे. ओएचएलमध्ये सामने भरपूर आणि प्रवास बेदम. कॉलेजात सामने बहुधा शुक्रवार-शनिवारी, मधले दिवस सराव आणि व्यायामशाळा. अंगाने उशिरा भरणाऱ्या डिफेन्समनला ते मधले दिवस फार उपयोगी पडतात. मकार, फॉक्स, हटसन, क्विन ह्यूज, हे चौघेही डिफेन्समन कॉलेजातूनच आले. यावरून नियम करू नका, पण तुमचा मुलगा नोव्हेंबर-डिसेंबरचा आणि अंगाने किरकोळ असेल तर घाई करू नका एवढं सांगेन. इथे वयोगटाची रेष १ जानेवारीला पडते. त्याच संघातला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि पंधराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खांद्यांत दिसणारा फरक. माझ्या कागदावर नावाशेजारी मी जन्मतारीख लिहितो ती त्यासाठी.

आमची मुलगी डिफेन्सला आहे आणि तिचे गोल संघातल्या फॉरवर्ड मुलींपेक्षा जास्त आहेत. मुलींना कोणी बघायला येतं का?
(एक आई, लंडन, ऑन्टारियो)

येतात, मुख्यतः कॉलेजांचे. मी मुलांचे सामने बघतो, त्यामुळे तिथल्या निवडीबद्दल अधिकाराने बोलणार नाही. पण १ जानेवारी २०२४ला टोरांटोत पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला आणि त्या लीगच्या इतिहासातला पहिला गोल केला एला शेल्टनने. ती डिफेन्सला खेळते, आणि तिचं गाव इंगरसोल तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मुलीला सांगा.

मुलाच्या उत्तम गोलांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ संगीतासह तयार केला आहे. कुणाला पाठवू?
(एक वडील, मार्कम)

आजी-आजोबांना पाठवा, त्यांना आवडेल.

आम्हाला पाठवायचा तर एका पूर्ण सामन्यातल्या त्याच्या सगळ्या शिफ्ट पाठवा, गोल खाल्लेल्या धरून. शक्यतो संघ हरला तो सामना निवडा. मागे पडल्यावर हा मुलगा उतावीळ होतो की नाही ते त्यात दिसतं. संगीत काढून टाका. जर्सीचा नंबर, जन्मतारीख, उंची लिहा; उंचीत इंच वाढवू नका, आम्ही दारात उभं राहून मोजतोच. स्टिक उजव्या बाजूने धरत असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. तसे डिफेन्समन कमी असतात आणि उजवी बाजू भरायला प्रत्येक संघ धडपडत असतो, त्यामुळे तो व्हिडिओ ढिगाऱ्यात थोडा वर येतो. आणि पाठवल्यावर दर आठवड्याला विचारू नका, रविवारी सकाळी आठच्या सामन्याला पालक गाठून विचारतात तेव्हा तर अजिबात नको, मला त्या वेळी समोरचा कोपरा बघायचा असतो.