‘दाखले घेऊन जा’ म्हणाले म्हणून लगेच दाखला काढायचा नसतो

वाचकाचा प्रश्न, थोडा आवरून देतेय: “मॅडम, आमचा धनगरवाडा डोंगरावर आहे, अकरा घरं. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंत शाळा आहे, पट सहा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा केंद्रप्रमुख आले, म्हणाले पट कमी आहे, ही मुलं आता खालच्या गावच्या शाळेत जाणार, दाखले काढून घ्या. एका कागदावर सगळ्या पालकांच्या सह्या घेतल्या, काय लिहिलं होतं ते आम्ही नीट वाचलं नाही. खालची शाळा साडेचार किलोमीटर, मधे ओढा, पावसात पाणी चढतं, वाटेत गवे असतात. पोरगी तिसरीला आहे, दीड महिना झाला घरीच बसलीय. आता म्हणतात मुलगी शाळेत पाठवली नाही तर तुमच्यावरच केस होईल. सही केली म्हणजे आता आमचं काही चालणार नाही का? कोर्टात गेलो तर शाळा परत मिळेल का?”

दादा, तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि सगळं तिच्यावर अडलंय. दाखला काढलाय की नाही? काढला नसेल तर काढू नका, आणि बाकीच्या पाच घरांना पण आजच सांगा. कारण असं आहे की पट सहाची शाळा बंद करायची तर कोणीतरी अधिकाऱ्याला सही करून ऑर्डर काढावी लागते आणि ती ऑर्डर मग कोर्टात दाखवता येते, पण सहाच्या सहा दाखले निघाले की ती शाळा शून्य पटाची होते आणि शून्य पटाची शाळा बंद करायला कोणाला कारण द्यावं लागत नाही, तुम्हीच बंद केली असं कागदावर दिसतं. म्हणून तर आधी दाखले मागतात. आणि ‘बंद’ हा शब्द तुम्हाला कुठल्याही कागदात सापडणार नाही, तिथे ‘समायोजन’ असेल, म्हणजे मुलं दुसऱ्या शाळेत वळती करणं.

आता सहीचं. त्यात मन घालू नका. संविधानाच्या २१-अ कलमानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क दिलाय, आणि हा हक्क तुमचा नाही, तुमच्या मुलीचा आहे, तो तुम्ही सही करून सोडून देऊच शकत नाही. १९८५ च्या ऑल्गा टेलिस केसमध्ये, मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांची ती केस, महापालिकेचं म्हणणं होतं की फूटपाथवर झोपड्या बांधायचा हक्क आम्ही सांगत नाही असं हे लोक हायकोर्टात बोलून बसलेत, आता मागे कसे फिरतात. सुप्रीम कोर्ट म्हणालं मूलभूत हक्काच्या बाबतीत असं तोंड बांधता येत नाही. वकिलांपुढे, जजपुढे दिलेल्या शब्दाचं हे, मग शाळेच्या ओट्यावर न वाचता केलेल्या सहीचं काय घेऊन बसलात. फक्त एक करा, सहा पालकांनी मिळून एक साधा अर्ज द्या की अमुक तारखेला आमच्या सह्या घेतल्या, मजकूर वाचून दाखवला नाही, ती आमची संमती धरू नये, आणि त्या कागदाची प्रत आम्हाला द्यावी.

“तुमच्यावरच केस होईल” ही मात्र निव्वळ भीती घातलीय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आपण सगळे आरटीई म्हणतो तो, त्यात पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं खरं, पण त्याला शिक्षा काही ठेवलेली नाही. उलट कलम ८ वाचा. सक्तीचं शिक्षण म्हणजे काय ते तिथे सांगितलंय, आणि ती सक्ती सरकारवर आहे: मूल दाखल होतंय, रोज येतंय, आठवीपर्यंत पुरं करतंय हे बघणं सरकारचं काम, जवळ शाळा असणं बघणं पण सरकारचंच, आणि कलम ९ मध्ये जवळपास हीच जबाबदारी जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक प्राधिकरणावर टाकलीय. दीड महिना पोरगी घरी आहे तर उत्तर तुम्ही नाही, त्यांनी द्यायचंय. पुढच्या वेळी कोणी केसचं बोललं तर शांतपणे म्हणायचं, साहेब हे लिहून द्या. लिहून देणार नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, शाळा परत मिळेल का. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. महाराष्ट्राचे आरटीईचे नियम २०११ चे आहेत, त्यात पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर असं अंतर आहे, पण एक किलोमीटरच्या त्या शाळेसाठी सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं हवीत असंही त्याच नियमात आहे. तुमच्याकडे सहा. सरकारी वकील पहिल्याच तारखेला हा वीसचा आकडा काढणार. माझं म्हणणं असं राहील की वीसचा आकडा नवी शाळा काढायला आहे, चालू असलेली मोडायला नाही, आणि दरड, पूर, रस्ता नसणं, लहान पोरांना वाटेत धोका असणं अशा ठिकाणी अंतराची अट सैल करून शाळा जवळ द्यावी असंही नियमच म्हणतात, तुमचा ओढा आणि गवे बरोबर त्यातच बसतात. हा मुद्दा चांगला आहे. पण यावर शंभर टक्के जिंकू असं कोणी वकील छातीठोक सांगत असेल तर त्याला फी देऊ नका. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारनं २०२३ मध्ये उघडच मांडला होता, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं देऊन, आणि तेव्हा बराच ओरडा झाला तरी तो विचार गेलाय असं मला वाटत नाही.

म्हणून मागणी एकच ठेवू नका, दोन ठेवा. त्याच नियमात पुढे आहे की छोट्या वस्तीजवळ शाळा नसेल तर सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं मोफत वाहतूक, निवासी सोय वगैरे पुरेशी व्यवस्था करायची. म्हणजे वीसच्या आकड्यानं ते शाळेतून सुटतील पण पोरीला शाळेपर्यंत न्यायच्या जबाबदारीतून सुटत नाहीत. अर्जात सरळ लिहा: आमची शाळा आहे तिथेच चालू ठेवा, आणि तुमच्या मते ते शक्य नसेल तर कारण लेखी द्या, मुलांना न्यायची-आणायची व्यवस्था करा आणि ती सुरू होईपर्यंत इथली शाळा हलवू नका. पहिली मागणी फेटाळली तरी दुसरी फेटाळणं कोणाही अधिकाऱ्याला अवघड जातं, आणि माझा अनुभव असा की दुसरीचा खर्च दिसायला लागला की पहिलीचा पुन्हा विचार होतो!

इथे एक खाचखळगा आहे तो नीट बघा. व्यवस्था म्हणजे वाहतूक भत्ता असं तुम्हाला सांगतील. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ऐकायला बरं वाटतं पण हिशेब मांडा, सहा पोरांचे झाले ३६,०००, पाचवीपर्यंतच्या शाळेचे कामाचे दिवस कायद्यानं किमान २००, म्हणजे दिवसाला १८० रुपये. त्यात कुठला वडापवाला, म्हणजे सीटवर भाडं घेणारा जीपवाला, घाट चढून सकाळी येणार आणि संध्याकाळी परत सोडणार? डिझेलचं पण निघणार नाही. आणि पैसे खात्यावर आले की कागदोपत्री प्रश्न सुटला, मग पोरगी जातेय की नाही कोणी विचारत नाही. त्यामुळे अर्जात ‘भत्ता’ हा शब्द वापरू नका, ‘वाहन’ लिहा, ‘सोबत येणारी जबाबदार व्यक्ती’ लिहा, आणि ओढ्याला पाणी असेल त्या दिवसांचं काय ते पण विचारा. निवासी शाळा देतो म्हणाले तर आठ वर्षांची पोर लांब ठेवायला तुम्ही नाही म्हणू शकता, पण नुसतं नाही म्हणून उठून येऊ नका, का नाही ते लिहून द्या, नाहीतर ‘पालकांनी सोय नाकारली’ एवढंच फाईलला राहतं.

अर्ज कोणाला? गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे सीईओ, दोघांना, आरटीईच्या कलम ३२ खालची तक्रार असा स्पष्ट उल्लेख करून. हा उल्लेख महत्त्वाचा, कारण साध्या अर्जाला कोणी कधीही उत्तर देतं पण कलम ३२ च्या तक्रारीवर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. सोबत माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचं तिकीट लावून, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत: शाळा हलवायच्या आदेशाची प्रत, आणि अंतर कोणी कधी मोजलं त्याचा कागद. बहुतेक वेळा आदेश निघालेलाच नसतो, सगळं फोनवर आणि तोंडी चाललेलं असतं. ‘असा आदेश उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा.

अंतर तुम्ही पण मोजा, पायवाटेनं, मोबाइलमध्ये तारीख-वेळ येते तसा फोटो काढत. पाणी चढलेल्या दिवशीचा ओढ्याचा व्हिडिओ हवाच, पण त्यासाठी पोरांना पाण्यात उतरवू नका.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. तिच्यात पाऊण हिस्सा पालक असावे लागतात, तुमच्या सहा पोरांच्या शाळेत म्हणजे तुम्हीच सगळे, तिचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव दोन्ही जोडा. तुमच्याकडे पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू नाही त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला अनुसूचित क्षेत्रात असतं तेवढं वजन नाही, पण फाईलला लागलेला ठराव कोर्टात दिसतो.

कोर्ट शेवटी. तुमचा जिल्हा आता हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, ऑगस्ट २०२५ पासून, त्यामुळे मुंबईला चकरा नाहीत. आणि कोर्टाला हा विषय नवा नाही, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी कोयनेच्या पाण्यात स्वतः होडी वल्हवत जातात ही बातमी वाचून हायकोर्टानं २०२२ च्या जानेवारीत स्वतःहून दखल घेतली होती, कोणी याचिका न करता. खर्चाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा, स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही भटक्या जमातीत आहात, एससी-एसटीची सवलत तुम्हाला तिथे लागणार नाही, म्हणून अर्ज मुलीच्या नावानं करा, पालक म्हणून सही तिच्या आईची.

तोवर पोरीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरात तोच विषय असणार. वर्ष घालवू नका. कोणाकडे खाली राहायची सोय होत असेल तर खालच्या शाळेत बसवा, कलम ५ प्रमाणे दाखला नाही म्हणून तिला ते अडवू शकत नाहीत, फक्त तिथे लेखी द्या की ही तात्पुरती सोय आहे आणि आमचा वाड्यावरच्या शाळेचा हक्क आम्ही सोडलेला नाही. मात्र सहाही मुलं खाली गेली तर वर कोण उरलं असं म्हणतील, तेव्हा हे सहा घरांनी एकत्र बसून ठरवा.

आणि गुरुजींशी भांडू नका. बदलीची तलवार त्यांच्यावरही आहे. गेल्या तीन वर्षांच्या हजेरीपटाचे फोटो त्यांच्याकडून आत्ताच घेऊन ठेवा, एकदा कपाट खाली गेलं की ते वह्यांचे गठ्ठे कुठे पडतात कोणाला सापडत नाहीत.